विश्लेषण : फ्रान्समधल्या या वाटांवर मोटार का येत नाही?

रस्त्याकडेला सायकल मार्गिका आखणे वेगळे आणि शेकडो किलोमीटर अशी वाट राखणे वेगळे, जिच्यावर इंजिनाला प्रवेशच नाही. फ्रान्सच्या ग्रामीण भागात अशा खडी-मुरमाच्या वाटा आहेत. त्या आल्या कुठून, टिकल्या कशा आणि आपण त्यांच्याकडे का पाहावे?

ऑगस्ट २०२३ मध्ये पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या १,२०० किलोमीटरच्या राइडसाठी भारतातून शेकडो सायकलस्वार गेले होते. त्यांत पुणे, मुंबई, नाशिकची मंडळी होतीच. ही राइड दर चार वर्षांनी होते आणि ९० तासांत संपवायची असते. जाताना आणि परतताना सगळ्यांना कारे नावाच्या छोट्या गावात थांबून कार्डावर शिक्का घ्यावा लागतो. ब्रिटनी प्रांताच्या मधोमध असलेले हे गाव. शिक्का, गरम काहीतरी पोटात, जमल्यास टेबलावर डोके ठेवून वीस मिनिटे झोप आणि पुन्हा रस्ता.

याच कारेच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर एक कालवा आहे आणि कालव्याच्या काठाने एक वाट. डांबर नाही, दाबलेली वाळू आणि बारीक खडी. एका बाजूला संथ पाणी, दुसऱ्या बाजूला ओक-चेस्टनटची झाडे. ही वाट पूर्वेकडे नाँत शहरापर्यंत जाते आणि कालव्याची एकूण लांबी सुमारे ३६० किलोमीटर भरते. या अंतरातल्या बहुतेक भागात तुमच्या मागून कोणी हॉर्न वाजवत नाही, कारण मागे मोटार असूच शकत नाही. ब्रेवेच्या घाईत तिकडे वळायला कोणाला वेळ नसतो, हे खरे. पण महाराष्ट्रातल्या सायकलवाल्यांनी फ्रान्सकडून शिकण्यासारखी गोष्ट ब्रेस्टच्या त्या शर्यतवजा राइडपेक्षा या वाटेत जास्त आहे, असे माझे मत आहे. आणि ती गोष्ट सायकलबद्दलची नाहीच. ती जमिनीबद्दलची आहे.

ग्रॅव्हल सायकलिंग म्हणजे नेमके काय?

आधी शब्दाचा उलगडा. रेसिंगची सायकल डांबरासाठी असते, माउंटन बाइक डोंगरातल्या दगडधोंड्यांसाठी. या दोहोंच्या मधली ती ग्रॅव्हल बाइक. हँडल रेसिंगसारखे खाली वळलेले, टायर मात्र साधारण ३५ ते ५० मिलिमीटर रुंद आणि हवा निम्म्याहून कमी. चढासाठी हलके गिअर आणि सामान बांधायला जागा. गेल्या दहा-बारा वर्षांत या प्रकाराची इतकी चलती झाली की २०२२ मध्ये इटलीत त्याची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही झाली.

दुकानदार सांगतात तशी त्यासाठी वेगळी महागडी सायकल लागतेच असे नाही. कालव्याच्या वाटेवर ३८-४० मिलिमीटर टायरची साधी हायब्रिड छान चालते. ग्रॅव्हल हा सायकलपेक्षा रस्त्याचा प्रकार आहे, असे मी म्हणेन.

आणि या रस्त्याचा इतिहासही फ्रान्सशीच जोडलेला आहे. सिव्हिल इंजिनिअरिंग केलेल्या कुणालाही हायवेच्या पुस्तकातले पहिले प्रकरण आठवेल. रोमन रस्ते, मग ट्रेसागेट, मग टेलफर्ड, मग मॅकॅडम. आपल्या वर्गांत शेवटचा 'ट' ठणकावून म्हटला जातो. त्या गृहस्थांचे नाव फ्रेंच उच्चारात प्येर त्रेझागे. अठराव्या शतकातले सरकारी अभियंते. रोमन रस्त्याच्या मानाने त्यांचा रस्ता बराच पातळ होता, साधारण ३० सेंटिमीटर. खाली मोठे दगड, वर लहान आणि सगळ्यात वर बारीक, कठीण खडी. मधोमध थोडा उंचवटा आणि कडेला पाणी जायला चर. परीक्षेत आपण ही आकृती काढतो आणि पाच गुण मिळवतो. पण त्रेझागे यांचा खरा आग्रह आकृतीत दिसत नाही. खडीचा रस्ता बांधून झाला की काम संपत नाही, त्याची वर्षभर, सतत देखभाल झाली पाहिजे, हे त्यांनी मांडले. रस्ता पूर्ण खराब होण्याची वाट पाहून मग मोठे टेंडर काढायचे, याच्या नेमके उलटे. फ्रान्सच्या आजच्या खडीच्या वाटा या दुसऱ्या कल्पनेवर उभ्या आहेत.

वाट कुणी बांधली? आणि कशासाठी?

सायकलसाठी तर नक्कीच नाही. नाँत ते ब्रेस्ट कालव्याचा निर्णय नेपोलियनच्या काळातला. ब्रेस्ट हे फ्रेंच नौदलाचे मोठे बंदर. इंग्रजांची जहाजे समुद्रात नाकेबंदी करून बसली की बंदराची रसद तुटायची. म्हणून ब्रिटनीच्या पोटातून, शत्रूच्या तोफांपासून लांब, पाण्याचा रस्ता काढायचे ठरले. नद्या एकमेकींना जोडायच्या आणि मधले उंचवटे खोदून पार करायचे. त्यासाठी दोनशेहून अधिक लॉक बांधले गेले. लॉक म्हणजे बोटींसाठीची पाण्याची पायरी. पुढे-मागे दरवाजे असलेल्या हौदात बोट घ्यायची आणि पाणी भरून किंवा सोडून तिला वरच्या अथवा खालच्या पातळीवर न्यायचे.

सर्वांत अवघड टप्पा होता ग्लोमेलचा. तिथे कालवा डोंगरमाथा ओलांडतो. सुमारे तीन किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी वीस मीटरहून खोल असा चर तिथे माणसांनी हाताने खोदला. १८२३ ते १८३२ अशी ही खोदाई चालली आणि मजूर होते कैदी, लष्करी शिक्षा झालेले. आज या चराच्या काठाने सायकल चालवताना दोन्ही बाजूंनी झाडी इतकी दाट असते की हा माणसाने पाडलेला खड्डा आहे हे सांगावे लागते. 'शांत, निसर्गरम्य' असे पर्यटनाच्या पत्रकात छापणे सोपे. ती शांतता कुणाच्या पाठीवर उभी आहे, हे तिथून जाणाऱ्याला माहीत असलेले बरे.

कालवा सलग खुला झाला १८४२ मध्ये. ज्या नाकेबंदीसाठी तो हवा होता, ते युद्ध १८१५ मध्येच संपले होते. काही दशके स्लेटचे दगड, धान्य, खत अशी वाहतूक झाली. मग रेल्वे आली. पुढे १९३० मध्ये गेर्लेदाँचे धरण पूर्ण झाले आणि कालव्याचा एक तुकडा लॉकसकट पाण्याखाली गेला. नाँत ते ब्रेस्ट हा सलग जलमार्ग तिथेच तुटला. २०१५ मध्ये तपासणीसाठी हे धरण पूर्ण रिकामे केले, तेव्हा बुडालेली लॉक आणि लॉकवाल्यांची घरे पुन्हा उघडी पडली आणि ती पाहायला माणसांची जत्रा लोटली. उजनीचे पाणी उतरल्यावर पळसदेवचे देऊळ पाहायला आपल्याकडे लोक जातात, तसेच काहीसे.

थोडक्यात, सरकारी खर्चाने उभारलेला आणि मूळ हेतू फसलेला हा प्रकल्प. पण त्याच्या काठाने एक पट्टी उरली होती. बोटींना तेव्हा इंजिन नव्हते. काठावरून घोडे दोर लावून बोट ओढत. जिथे घोडा परवडत नसे तिथे माणसे ओढत, बायका-मुले धरून. त्यासाठी काठाने सपाट वाट लागायची. फ्रेंचमध्ये तिला 'शमँ द अलाज' म्हणतात, म्हणजे ओढण्याची वाट. घोड्याला भार ओढताना चढ चालत नाही, म्हणून ही वाट पाण्याच्या पातळीने जाते. लॉक आले की दोन-तीन मीटरचा छोटा चढ, मग पुन्हा सपाट. सायकलस्वाराला याहून काय हवे?

रेल्वेची गोष्टही तशीच. शार्ल द फ्रेसिने हे मुळात अभियंते, पुढे पंतप्रधानही झाले. बांधकाममंत्री असताना त्यांनी मोठी योजना आणली आणि १८७९ च्या कायद्याने देशाच्या कानाकोपऱ्यात रेल्वेचे फाटे नेण्याचा कार्यक्रम ठरला. कारे गाव तर पुढे ब्रिटनीच्या मीटरगेज जाळ्याचे केंद्रच बनले. मोटारी आणि बस आल्यावर फाट्यांवरचे प्रवासी गेले. १९६७ मध्ये कारेचे मीटरगेज संपले. रूळ निघाले, पण रूळ ज्या भरावावर होते तो भराव, पूल आणि खोदलेले डोंगर जागेवरच राहिले. रेल्वेलाही चढ आवडत नाही. शंभर मीटरला दोन-तीन मीटरपेक्षा जास्त चढ सहसा मिळत नाही. त्याच भागात म्यूर-द-ब्रतान्य नावाचा चढ आहे. तूर द फ्रान्समध्ये तो गाजलेला. दोन किलोमीटर, सरासरी जवळपास सात टक्के. जुन्या रेल्वेची वाट याच परिसरातून घाम न काढता जाते.

आज कारेजवळ कालव्याची वाट आणि जुन्या रेल्वेच्या वाटा एकमेकींना मिळतात. पूर्व-पश्चिम आणि उत्तरेकडून दक्षिणेला, दोन्ही दिशांनी. एकेकाळचे रेल्वे जंक्शन आता सायकलचे जंक्शन आहे.

मग मोटार का येत नाही?

पहिले कारण कायद्याचे. २००४ मध्ये फ्रान्सच्या वाहतूक नियमांत 'व्वा व्हेर्त', म्हणजे हरित वाट, या प्रकाराची व्याख्या आली. बिगरमोटार वाहने, पादचारी आणि घोडेस्वार यांच्यासाठीच राखलेला रस्ता, अशी ती व्याख्या. ती पदपथ नाही किंवा रस्त्यावर पांढरी रेघ मारून काढलेली मार्गिकाही नाही. कायद्याच्या नजरेत तो स्वतंत्र रस्ता आहे आणि हा फरक कागदी वाटला तरी फार मोठा आहे. मार्गिकेत रिक्षा, टेम्पो, हातगाडी घुसली की वाद होतो 'जरा वेळ थांबलो' एवढाच. स्वतंत्र रस्त्यावर मोटार असणे हेच मुळात बेकायदा. विजेची सायकल चालते, तीही ठरावीक ताकदीची आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंतच मदत करणारी.

दुसरे कारण साधे, लोखंडी. वाट जिथे डांबरी रस्ता ओलांडते तिथे आडवे दांडके किंवा खुंट असतात. सायकल वळण घेऊन जाते, गाडी जात नाही. सामानाने लादलेल्या सायकलवाल्यांची त्यावर कुरकुर असते. ट्रेलरमध्ये मूल बसवून नेणाऱ्यांची तर जास्तच.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ते म्हणजे सातबारा. कालवे आणि त्यांचे काठ विकले गेले नाहीत. देशातल्या बहुतेक कालव्यांचा कारभार जलमार्गांच्या राष्ट्रीय संस्थेकडे आहे. ब्रिटनीत तो प्रादेशिक परिषदेकडे गेला. स्थानिक जिल्हा परिषद किंवा गावे या मालकांशी करार करतात. जमीन तुमचीच राहील, वरून सायकलची वाट आम्ही करू, झाडे छाटणे आणि खड्डे भरणे आमच्याकडे. काही बंद रेल्वेमार्गांबाबतही असेच झाले. मालकी रेल्वेकडे आणि वापर लोकांकडे.

देशातली पहिली हरित वाट १९९७ मध्ये बर्गंडीत जिव्री ते क्लुनी या जुन्या रेल्वेमार्गावर झाली. सुमारे ४४ किलोमीटर, द्राक्षमळ्यांच्या कडेने. शेवटी क्लुनीचा मठ. इसवी सन ९१० मध्ये स्थापन झालेला. रोममधले सेंट पीटर्स उभे राहीपर्यंत ख्रिस्ती जगातले सर्वांत मोठे चर्च इथे होते. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर लोकांनी त्याचा दगडाच्या खाणीसारखा वापर केला आणि आज त्याचा अगदी थोडा भाग शिल्लक आहे. मठ विकला, म्हणून गेला. रेल्वेची पट्टी विकली नाही, म्हणून राहिली. एकाच गावात दोन्ही उदाहरणे पाहायला मिळतात.

हे सगळ्यांनाच मान्य आहे असे मात्र नाही. रेल्वेचे समर्थक म्हणतात, एकदा रुळांच्या जागी सायकली आल्या की गाडी परत येत नाही. हरित वाट म्हणजे त्या मार्गाच्या शवपेटीवरचा शेवटचा खिळा. या आक्षेपात तथ्य आहे. विदर्भातल्या शकुंतला रेल्वेचा मार्ग पाहून आपल्याकडेही कुणाला सायकल ट्रॅकची कल्पना सुचेल. पण मूर्तिजापूर, यवतमाळ, अचलपूरची माणसे रेल्वे मागत आहेत, सायकलची वाट नाही. त्यांना सायकलचा नकाशा दाखवणे ही थट्टा ठरेल.

इतिहास वाटेत किती भेटतो?

ब्रिटनीच्या कालव्यावर जोस्लँला किल्ल्याचे गोल बुरूज थेट पाण्यातून उठल्यासारखे दिसतात. पाँतिव्हीला दोन गावे चिकटून आहेत. एक मध्ययुगीन गल्ल्यांचे आणि दुसरे नेपोलियनने फूटपट्टीने आखलेले, ज्याला काही काळ नेपोलियनव्हिल असेच नाव होते. गेर्लेदाँजवळ ११८४ मध्ये स्थापन झालेल्या बाँ-रपो मठाचे अवशेष आहेत.

पण अभियांत्रिकीची आवड असेल तर दक्षिणेतला कनाल द्यू मिदी निवडा. तुलूझपासून भूमध्य समुद्राजवळच्या सेतपर्यंत सुमारे २४० किलोमीटर. १६६६ मध्ये चौदाव्या लुईने परवानगी दिली आणि १६८१ मध्ये कालवा खुला झाला. आपल्याकडे शिवरायांची आग्र्याहून सुटका ते संभाजी महाराजांचा राज्याभिषेक एवढा हा काळ. बांधणारा प्येर-पॉल रिके अभियंता नव्हता, मिठावरचा कर गोळा करणारा कंत्राटदार होता. त्याने सोडवलेले कोडे असे : कालवा डोंगरमाथ्यावर चढवला तर तिथे पाणी कुठून आणायचे? बोट दोन्ही बाजूंना उतरते तेव्हा प्रत्येक लॉक माथ्यावरचे पाणी खाली नेते. रिकेने शेजारच्या डोंगरातले ओढे अडवले, धरण बांधले आणि एका लहान पाटाने ते पाणी नोरूझच्या खिंडीत, १८९ मीटर उंचीवर आणून सोडले. तिथून अर्धे पाणी अटलांटिककडे, अर्धे भूमध्य समुद्राकडे. कालवा खुला होण्याच्या काही महिने आधी रिके वारला. १९९६ मध्ये या कालव्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

बेझिएच्या अलीकडे मालपा नावाची टेकडी आहे. तिच्या पोटात तीन बोगदे आहेत. एक तेराव्या शतकातला, दलदलीचे पाणी काढून टाकण्यासाठी. दुसरा रिकेचा, सुमारे १६५ मीटरचा, जगातला बोटींसाठीचा पहिला कालवा-बोगदा मानला जाणारा. तिसरा त्याखालून जाणारा रेल्वेचा. जवळच्या आँसेरूनच्या टेकडीवरून खाली पाहिले की सुकवलेल्या तळ्याची शेते सूर्यकिरणांसारखी मध्यातून पसरलेली दिसतात. सातशे वर्षांपूर्वीच्या चरांची ती आखणी अजून वापरात आहे. मोटारीतून जाणाऱ्याला यातले फार थोडे दिसते. सायकलवाला मात्र इथे आपोआप थांबतो.

या कालव्यावर एक दुःखद गोष्टही चालू आहे. काठावर सुमारे ४२ हजार चिनाराच्या जातीची झाडे होती, दोन्ही बाजूंनी कमान धरणारी. २००६ मध्ये त्यांच्यात एका बुरशीचा रोग सापडला. उपाय नाही, झाड तोडून जाळायचे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या दारूगोळ्याच्या लाकडी पेट्यांतून ही बुरशी युरोपात आली असे मानले जाते. हजारो झाडे गेली. नवी लावली जात आहेत, वेगवेगळ्या जातींची. पण जुने फोटो पाहून गेलात तर काही टप्प्यांत सावलीशिवाय डोके तापेल.

डांबर टाकायला काय हरकत आहे?

हा वाद फ्रान्समध्येही आहे. कनाल द्यू मिदीवर तुलूझपासून पहिले सुमारे ५० किलोमीटर डांबरी आहेत. पुढे अनेक ठिकाणी माती, खडी आणि झाडांच्या मुळांचे उंचवटे. जिव्री-क्लुनीही डांबरी आहे. डांबर हवे म्हणणाऱ्यांची बाजू कमकुवत नाही. व्हीलचेअर, स्केट्स, लहान मुलांच्या सायकली, रोज शाळेत-कामाला जाणारे लोक, यांना पावसाळी चिखल परवडत नाही.

तरीही माझा कौल असा, की शहराभोवती दहा-पंधरा किलोमीटर डांबर आणि पुढे खडी. कारण फक्त सौंदर्याचे नाही. खडीवर वेग आपोआप ताशी १५-१८ किलोमीटरवर येतो. आजोबा, कुत्रा, ढकलगाडी आणि सायकल एकाच तीन मीटर रुंदीच्या वाटेवर नांदतात ते त्यामुळे. डांबर झाले की घड्याळ लावून सुटणारे येतात आणि मग पादचाऱ्यांची तक्रार सायकलविरुद्ध सुरू होते. दुसरे म्हणजे मुळे डांबर उचलतात आणि उचललेले डांबर दुरुस्त करायला यंत्र, पैसा, निविदा लागते. खडीचा खड्डा दोन माणसे आणि एक छोटा रोलर यांनी भरता येतो. अट एवढीच की ती दोन माणसे दरवर्षी आली पाहिजेत. त्रेझागे हेच सांगत होते.

आपला काय संबंध?

२०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे गेली. आपले ब्रेवे होतात ते हायवेवर, रात्री, ट्रकच्या दिव्यांत. सराव करणाऱ्या प्रत्येकाच्या घरी कुणीतरी फोनकडे डोळे लावून बसलेले असते. त्यामुळे 'तिकडे संस्कृतीच वेगळी' म्हणून हा विषय सोडून देणे मला पटत नाही. संस्कृती नंतर आली. आधी जमिनीची सलग पट्टी होती.

आपल्याकडे सलग पट्ट्या आहेत, पण त्या रिकाम्या नाहीत. मुंबईत २०१७ मध्ये महापालिकेने तानसा जलवाहिनीच्या कडेने ३९ किलोमीटरचा सायकल ट्रॅक जाहीर केला. कल्पना अगदी फ्रेंच. पण जलवाहिनीलगत वस्त्या होत्या. त्या हलवल्या आणि अनेक कुटुंबे माहुलला, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी पाठवली गेली. तिथल्या हवेचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. फ्रान्सच्या कालव्यावरून धंदा गेला आणि पट्टी मोकळी झाली. इथे माणसे घालवून मोकळी करावी लागली. हा फरक लपवून सायकल ट्रॅकचे कौतुक करता येणार नाही.

म्हणूनच पुण्यातल्या एका निर्णयाकडे लक्ष हवे. खडकवासला ते फुरसुंगी उघड्या कालव्याऐवजी बोगद्यातून पाणी नेण्याचा प्रकल्प मंजूर आहे. तो झाला की शहराच्या मधून जाणाऱ्या जुन्या कालव्याच्या जमिनीचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहतो. रस्ता, व्यावसायिक वापर, विक्री, अशा सूचना येत आहेत. या कालव्याच्या काठाने काही भागांत लोक आजही सकाळी चालतात. पाण्याच्या पातळीने आखलेली, जवळजवळ सपाट, शहर ओलांडून जाणारी अशी पट्टी पुन्हा विकत घ्यायची म्हटली तर कोणत्याही महापालिकेला परवडणार नाही. जिथे वस्ती आहे तिथल्या लोकांना आधी विश्वासात घ्यावे आणि उरलेली जमीन तुकड्या-तुकड्याने विकू नये. सायकलची वाट आज नाही झाली तरी चालेल, दहा वर्षांनी होईल. मालकी गेली तर कधीच होणार नाही. फ्रान्समध्ये १९६७ मध्ये मीटरगेज बंद झाले तेव्हा ग्रॅव्हल बाइक हा शब्दही नव्हता.

जायचेच असेल तर?

पुढची पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस २०२७ मध्ये आहे. राइडनंतर परतीचे तिकीट चार-पाच दिवस पुढे ढकलता आले तर जोस्लँ, पाँतिव्ही, बाँ-रपो हा टप्पा आरामात होतो. गेर्लेदाँच्या तलावाला वळसा घालताना मात्र सपाट कालवा सोडून चढउतार करावे लागतात, तेवढा वेळ हाताशी ठेवा. मे ते सप्टेंबर हे महिने बरे, तरी ब्रिटनीत पाऊस कधीही येतो आणि पावसानंतर वाळूची वाट चाकांना धरते. स्थानिक गाड्यांत सायकल साधारणपणे सहज नेता येते. वेगवान टीजीव्हीला आधी जागा राखावी लागते किंवा सायकल खोलून पिशवीत भरावी लागते.

जेवणाचे वेळापत्रक फ्रेंचांच्या हाती आहे, तुमच्या नाही. गावातली दुकाने दुपारी १२ नंतर दोनेक तास बंद, रविवारी दुपारनंतर बंद आणि काही ठिकाणी सोमवारीही. शाकाहारी असाल तर ब्रिटनीत गालेत मागा. कुट्टूच्या पिठाचे हे मोठे, पातळ घावन असते, आत चीज आणि मशरूम. हॅम नको हे आधीच सांगा. लॉकवाल्यांच्या काही जुन्या घरांत आता कॅफे आहेत, पण प्रत्येक लॉकवर मिळेल या भरवशावर निघू नका.

आणि पाणी संपले, गाव बंद असले, तर चर्चच्या आसपास स्मशानभूमी शोधा. कबरींवरच्या फुलझाडांना घालायला तिथे बहुतेक वेळा नळ असतो आणि फ्रान्समधले लांब पल्ल्याचे सायकलवाले वर्षानुवर्षे तिथेच बाटल्या भरतात. नळावर 'नॉन पोताब्ल' अशी पाटी असेल तर ते पिण्याचे पाणी नाही, तेवढे पाहून घ्या.